कॅलेंडरवर तास लिहायला लाग

"नमस्कार मावशी,

मी २६ वर्षांचा आहे. आयटीआय वेल्डर. गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या बाजूला. चौदा महिने झाले, चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, ठेकेदारामार्फत. खराबवाडीत एका खोलीत आम्ही सहा जण राहतो. हजेरी ५६० रुपये. शिफ्ट बारा तासांची. वरच्या चार तासांचे पैसे सिंगलनेच, म्हणजे साध्याच दराने मिळतात. पगाराची स्लिप कधी मिळाली नाही, बँकेचा मेसेज येतो तेवढाच. पीएफ दर महिन्याला कापतात, पण मोबाइलवर बघितलं तर पाचच महिन्यांचा भरलेला दिसतो. माझ्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला परमनंट माणूस असतो. काम तेच, पगार माझ्या तिप्पट.

गेल्या महिन्यात शेजारच्या प्रेसवरच्या मुलाची दोन बोटं गेली. तो आठ महिन्यांपासून कामाला होता. त्याला खासगी दवाखान्यात नेलं आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड त्याच्या हातात पडलं ते दुसऱ्या दिवशी. आता त्याला सांगतात, गावी जाऊन आराम कर, बरा झालास की बघू. त्या दिवशी सुपरवायझर आम्हाला म्हणाला, रक्त पुसून घ्या आणि लाइन चालू करा. माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला होता.

ठेकेदार आमच्याच तालुक्यातला. बहिणीच्या लग्नाला त्याने २०,००० उचल दिली, त्यातले ८,००० अजून फिटायचेत. काही बोललं की म्हणतो, मी नसतो तर ढोरं वळत बसला असतास. एचआरकडे गेलो तर म्हणाले, तू आमचा माणूसच नाहीस, आणि नव्या कायद्यात बारा तास चालतात. गावाकडे बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगं कंपनीत परमनंट हाय. स्थळं येतायत. मी काय करू? सोडून देऊ, भांडू, की गप्प राहू?"

बाळा,

माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून तुला अरे-तुरे करते. तुझा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मी सुरुवात त्या बोटं गेलेल्या मुलापासून करणार. तुझे पैसे पुढच्या महिन्यातही मागता येतील. त्याचा मात्र एकेक दिवस हातातून जातोय.

त्याला गावी जाऊ देऊ नका. "गावी जाऊन आराम कर" हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकलंय. भोसरीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नोकरीला होते, हजेरी आणि पगारपत्रकं माझ्या हातून जायची. असा गावी गेलेला माणूस दोन महिन्यांनी परत आला की गेटवर त्याचं नाव नसायचं. ठेकेदार बदललेला असायचा. आणि अपघात झाला होता हे सांगणारा एकही कागद कोणाकडे नसायचा. त्याच्या हाताकडे बघून सगळे हळहळायचे, पण हळहळीवर कोणाला पेन्शन मिळत नाही.

ईएसआयचा नियम असा आहे की माणूस कामावर लागला की दहा दिवसांत त्याची नोंदणी झाली पाहिजे. कामावर असताना झालेल्या इजेसाठी तर आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. मालकाने पैसे भरले नसतील तर ईएसआय महामंडळ कामगाराला त्याचा लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. तेव्हा कार्ड दुसऱ्या दिवशी निघालं म्हणून त्याचा हक्क बुडालेला नाही. पण कार्डावर कामावर लागल्याची तारीख कोणती टाकलीय ते बघा. अपघाताच्या आदल्याच दिवसाची असेल तर त्याच्या बँकेचं आठ महिन्यांचं स्टेटमेंट काढा, त्यात ठेकेदाराकडून आलेले पगार असतीलच. ते आणि खासगी दवाखान्याचे सगळे कागद घेऊन त्याला चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात न्या. उपचार चालू आहेत आणि काम करता येत नाही तोवर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. पुढे वैद्यकीय मंडळ बसतं आणि कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. त्याचा तक्ता ठरलेला आहे: तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, मधलं बोट मुळापासून गेलं तर १२. वाचताना अंगावर काटा येतो, मला अजूनही येतो. पण त्या टक्क्यांवर त्याला जन्मभर दर महिन्याला पैसे मिळतात, आणि ठेकेदार त्याला गावी पाठवून नेमके तेच टाळतोय.

आणखी एक. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती एवढ्यासाठीच की दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडू नये. मग बोटं आत असताना ठोका पडला कसा? पायडल जोडलं होतं? सेन्सर बंद केला होता? टार्गेट गाठायला एक बटण दाबूनच ठेवलं होतं? हे तुम्हा पोरांना माहीत असणार. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येईल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारेल. माणूस ४८ तासांहून जास्त कामावर येऊ शकला नाही अशा अपघाताची खबर कारखान्याने त्यांना द्यायचीच असते. दिली नसेल तर तुम्ही द्या. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं. त्या मशीनवर आज दुसरा कोणीतरी उभा आहे, म्हणून हे मी इतकं लांबण लावून सांगतेय.

आता तुझं.

कॉलरपर्यंत गेलेला हात तू मागे घेतलास, फार चांगलं केलंस. राग चुकीचा नव्हता. "रक्त पुसा आणि लाइन चालू करा" हे ऐकून ज्याला राग येत नाही त्याची मला काळजी वाटेल. पण परमनंट माणसाने कॉलर धरली तर चार्जशीट, चौकशी, युनियन, असं सहा महिने चालतं. तू धरलीस तर रात्री एक फोन येतो, उद्यापासून येऊ नको. वर पोलिसांत अर्ज जातो, आणि चौदा महिन्यांचा तुझा सगळा हिशोब त्या एका मिनिटाखाली गाडला जातो. मग विषय तुझ्या पैशाचा राहत नाही, तुझ्या मारामारीचा होतो.

म्हणून मी तुला पहिलं काम सांगते ते ऐकायला अगदीच किरकोळ आहे. खोलीत एक कॅलेंडर लाव. घरोघरी बायका तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहितात ना, तसे तू तास लिही. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कोणती मशीन, कोणती शिफ्ट. खाडा असेल तर खाडा. रोज, झोपायच्या आधी, पेनाने.

हे का सांगते ते ऐक. आमच्या कारखान्यात दोन मस्टर, म्हणजे हजेरीची पुस्तकं, असायची. एक खरं आणि एक दाखवायचं. दाखवायच्या मस्टरमध्ये सगळे आठ तासांनी घरी गेलेले. वरच्या तासांचे पैसे सिंगलने काढून "प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह" नावाच्या रकान्यात टाकायचे, म्हणजे ओव्हरटाइम झालाच नाही. हे काम मी करायची. एकदा एक हेल्पर खिडकीशी आला, त्याच्या हातात एलआयसीची छोटी डायरी. दीड वर्षाचे तास त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते, कोणत्या दिवशी जेवणाची सुट्टी अर्धीच मिळाली तेही. पुढे कामगार खात्याचा अधिकारी आला तेव्हा त्याने डायरी घेतली, माझं मस्टर घेतलं, आणि गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर मागवलं. वॉचमनला कोणी सांगितलंच नव्हतं खोटं लिहायला. त्याच्या रजिस्टरमधल्या बाहेर जायच्या वेळा आणि डायरीतल्या वेळा पानोपानी जुळत गेल्या. न जुळणारं एकच होतं, माझं मस्टर. ती खोटी हजेरी माझ्या अक्षरात होती. त्या दिवशी मला बसायला जागा कमी वाटत होती. अकरा जणांना फरकाचे पैसे मिळाले. त्यातल्या दहा जणांकडे सांगायला तोंड होतं पण दाखवायला काही नव्हतं, त्या एका डायरीवर सगळे तरले.

तुझ्याकडे तर आज त्याच्याहून जास्त साधनं आहेत. बँकेचे मेसेज पुसू नकोस. कंपनीच्या बसने जात असशील तर तिची वेळ लिहून ठेव, मोबाइलमध्ये ठिकाणांची नोंद चालू असेल तर तीही राहू दे. मात्र आत मशीनचे फोटो काढू नकोस. बहुतेक कंपन्यांत मोबाइल आत नेण्यावर बंदी असते आणि बाहेर काढायला तेवढंच निमित्त पुरतं.

आता हिशोब मांड. हजेरी ५६०, म्हणजे तासाला ७० रुपये. वरच्या चार तासांचे तुला मिळतात २८०. दुपटीने मिळायला हवेत ५६०. म्हणजे तू रोज आणखी एक अख्खी हजेरी भरतोयस आणि पैसे घेतोयस अर्ध्या हजेरीचे. रोजचा फरक २८०, महिन्याला २६ दिवस धरले तर ७,२८० रुपये. चौदा महिन्यांचे १,०१,९२०. त्यातून खाडे वजा कर, आणि जो आकडा राहील तो कागदावर लिहून समोर ठेव.

एचआरने तुला नव्या कायद्याची अर्धीच गोष्ट सांगितली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, हे खरं. बारा तासांची शिफ्ट ठेवता येते की नाही, यावर तू त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. तू एवढंच धरून ठेव की आठवड्याला ४८ तासांच्या वर जे होतं तो ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुपटीहून कमी नको. १९४८च्या कारखाना कायद्यात हे होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे, कोणीही काढलेलं नाही. शिवाय तुझे चार तास रोजचे धरले तर तीन महिन्यांत ३१२ तास ओव्हरटाइम होतो. राज्यात तीन महिन्यांना जेवढा चालतो त्याच्या दुपटीहून हा जास्त आहे. म्हणूनच तर तो कागदावर दिसू देत नाहीत.

त्याच नव्या संहितांमध्ये इतरही काही आहे, ते एचआर सांगणार नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. पगाराची स्लिप द्यायची. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता. आणि थकलेल्या पैशाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने मिळायचे, माणूस धीर गोळा करीपर्यंत मुदत संपून जायची. तुझे चौदाचे चौदा महिने त्या तीन वर्षांत बसतात. तेव्हा घाई नाही. उद्याच्या उद्या काही करायचं नाहीये.

"तू आमचा माणूसच नाहीस" याचं उत्तरही ऐकून ठेव. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. नव्या संहितांतही कायम आहे. पूर्वी पगार रोख वाटायचे तेव्हा वाटपाच्या वेळी कंपनीचा माणूस हजर लागायचा आणि पत्रकाखाली "माझ्यासमोर पैसे दिले" अशी त्याची सही व्हायची. मी स्वतः अशी पत्रकं सहीला नेलीत. साहेब न बघता सही करायचे, पण करायचे. कंपनीला काही माहीत नसतं हे खोटं आहे. ठेकेदाराचं बिल पास करताना पीएफचं चलन जोडलेलं मागतात. एका ठेकेदाराच्या चलनात चाळीस नावं असायची आणि गेटमधून बासष्ट माणसं आत यायची, हे माझ्याच टेबलावर होतं. मी तोंड उघडलं नाही. ती बावीस माणसं कोण, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तू त्या बावीस जणांतला निघू नयेस म्हणून हे लिहितेय.

पीएफकडे मी ओव्हरटाइमच्याही आधी जाईन, कारण तिथे पुरावा सरकारच्याच संगणकात आहे. पासबुक उघड. भरलेल्या पाच महिन्यांसमोर वेतनाचा रकाना असेल, तो बघ. तिथे १४,५६० च्या आसपासचा आकडा आहे की भलताच लहान आहे? लहान असेल तर तुझे दिवस कमी दाखवलेत, किंवा हजेरीचे तुकडे पाडून बराचसा भाग भत्त्यात घातलाय. ओव्हरटाइमवर पीएफ कापत नाहीत, त्याने गोंधळू नकोस. पूर्ण ५६० वर धरलं तर तुझे १२ टक्के म्हणजे महिन्याला १,७४७ आणि मालकाचे तेवढेच, त्यातला काही भाग पेन्शनला जातो. नऊ महिने भरलेले नाहीत म्हणजे तुझे १५,७२३ आणि त्यांचे तेवढेच, एकूण ३१,४४६. तुझ्या पगारातून कापून न भरणं ही काही उधारी थकवणं नव्हे, कायद्याने तो फौजदारी विश्वासघात आहे. ही गोष्ट ठेकेदारालाही माहीत असते, म्हणून पीएफची तक्रार गेली की पैसे पटकन भरले जातात.

तुला दोन यूएएन नंबर, म्हणजे पीएफचे ओळख क्रमांक, तर नाहीत ना, तेही तपास. ठेकेदार बदलला की माणसं तीच राहतात आणि नंबर नवा काढतात, कधी मोबाइलही ठेकेदाराच्याच माणसाचा टाकलेला असतो. मग नऊ महिने दुसऱ्याच खात्यात पडलेले निघतात. तसं नसेल तर तक्रार ऑनलाइन करता येते, त्याच्या संकेतस्थळाला ईपीएफआयजीएमएस म्हणतात. समोरासमोर बोलायचं तर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात जा. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाने शिबिर भरतं, तिथे अधिकारी टेबल टाकून बसतात आणि रांग लहान असते. आणि हो, वारस म्हणून बाबांचं नाव घाल. पीएफला विमा जोडलेला आहे, ७ लाखांपर्यंतचा. देव करो त्याची वेळ न येवो, पण तुम्ही प्रेसवर उभे राहता.

पगारपत्रकात तू कोण आहेस, हाही प्रश्न आहे. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असं वेगवेगळं असतं. मशीन चालवणाऱ्या आयटीआयवाल्याला "हेल्पर" लिहून अकुशल दराने पगार काढणं मी रोज बघितलंय. गळ्यातल्या कार्डावर "ट्रेनी" किंवा "ॲप्रेंटिस" असं काही लिहिलंय का, तेही बघ. ॲप्रेंटिसला स्टायपेंड असतो, पीएफ नसतो, तिथे सगळं गणितच बदलतं. तुझा पीएफ भरलेला दिसतोय म्हणजे तू बहुधा त्यातला नाहीस. पण खात्री करून घे.

आता त्या उचलीचं. मला वाटतं तुझं तोंड कायद्याच्या अज्ञानाने बंद नाहीये, त्या २०,००० रुपयांनी बंद आहे. बहिणीच्या लग्नात अडीनडीला उभा राहिलेला माणूस, त्याच्याविरुद्ध अर्ज कसा द्यायचा? ही तुझी माणुसकी आहे, ती सोडू नकोस. पण दोन वह्या वेगळ्या ठेव. एका वहीत तू त्याला ८,००० देणं लागतोस. ते प्रामाणिकपणे फेड, शक्य झालं तर आधीच फेडून मोकळा हो, आणि बँकेतून दे म्हणजे नोंद राहील. दुसऱ्या वहीत तो तुला लाखाच्या वर देणं लागतो. ती वहीही तितकीच खरी आहे. त्याने दिलेली उचल तुझ्याच न दिलेल्या ओव्हरटाइमच्या तीन महिन्यांत निघते, करून बघ गणित. आणि ढोरं वळण्याबद्दल तो जे बोलतो त्याला उत्तर देऊ नकोस. ज्या घरात ढोरं वळून पोरांना आयटीआयला पाठवलं, त्या घराला कोणी त्यावरून कमी लेखावं असं त्यात काही नाही.

आता भांडायचं कसं. एकट्याने नाही. खोलीत सहा जण आहात, सहाही जणांनी तास लिहायला लागा. सहा कॅलेंडरं जुळली की ती साक्ष होते. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून यातलं काही लिहू नका. त्यात लाइन लीडरचा कोणी ना कोणी असतोच आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट केबिनमध्ये असतो. बोला, तोंडाने बोला. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की एखाद्या कामगार संघटनेच्या कार्यालयात जा. सीटू, आयटक, भारतीय मजदूर संघ, ज्यांची माणसं तुमच्या भागात खरंच काम करतात त्यांच्याकडे. कंत्राटी कामगाराला युनियनचा सभासद होता येत नाही हे कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. मग वाकडेवाडीच्या कामगार आयुक्तालयात लेखी अर्ज, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. "ठेवा इथे, बघतो" याला पोच म्हणत नाहीत.

एक भीती तुला आहे आणि ती खरी आहे. अर्ज गेल्यावर तुमचं गेट बंद होऊ शकतं. मी तुला खोटा धीर देणार नाही. म्हणून अर्जाच्या आधी दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बाजूला पडलेले असू देत, गावी पैसे पाठवणं थोडं कमी करावं लागलं तरी चालेल. काढलंच तर कोऱ्या कागदावर किंवा "सर्व हिशोब मिळाला, काही येणे बाकी नाही" अशा कागदावर सही करू नकोस, समोर पाच हजार धरले तरी. कामावर लागताना कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेतल्या असतील तर तसं कॅलेंडरच्या मागे तारखेसह लिहून ठेव. पीएफची तक्रार आणि ओव्हरटाइमचा दावा काम सोडल्यावरही करता येतो. तेव्हा तुला नवीन काम मिळालं आणि मनावरचं ओझं म्हणून इथलं सोडावंसं वाटलं, तर खुशाल सोड. फक्त हिशोब सोडू नकोस.

नवीन कामाचं निघालंच आहे तर सांगते. तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: आयटीआय वेल्डर, प्रेस शॉपला. अरे, तू वेल्डर आहेस आणि प्रेसवर पत्रे सरकवतोयस. चौदा महिन्यांत हातात वेल्डिंगचा होल्डर घेतला नाहीस, असंच चाललं तर हात विसरेल. सुट्टीच्या दिवशी कुठल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चार तास जा, सुरुवातीला कमी पैशांत का होईना. पाइपच्या कामाची ६जी टेस्ट पास झालेल्या वेल्डरला ठेकेदार शोधत येतात, त्याला गेटवर उभं राहावं लागत नाही. तुला इथून वर काढणारी वाट मला तरी तीच दिसते.

परमनंट होण्याची आशा तू पत्रात विचारली नाहीस, पण ओळींच्या मागे ती दिसते. त्या तिप्पट पगाराच्या माणसाबद्दल लिहिलंयस तिथे तुझं अक्षर दाबून आलंय. हे दुखणारच. एकच मशीन, एकच ठोका, आणि दोन माणसांची किंमत वेगळी, याला कोणत्याही हिशोबाने न्याय म्हणता येत नाही. पण ठेका खोटा आहे, आम्ही कंपनीचेच कामगार आहोत, हे कोर्टात सिद्ध करायचं तर ती लढाई वर्षानुवर्षं चालते आणि ती संघटनाच लढू शकते. ठेका रद्द झाला तरी कामगार आपोआप कंपनीत घेतले जात नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल आहे. त्या आशेवर वयाची पाच वर्षं घालवू नकोस. संघटनेत राहून ती मागणी करत राहा, स्वतःचा संसार मात्र तिच्यावर टांगू नकोस.

राहिले बाबा. त्यांना सांग. आणि स्थळ बघायला जायच्या आधी सांग, नंतर नाही. एखादी मुलगी "कंपनीत परमनंट आहे" एवढ्यावर होकार देईल, खराबवाडीत खोली करून राहायला येईल, आणि मग एक दिवस तिला फोनवर कळेल की तुझं गेट बंद झालं. तिच्यावर ही वेळ आणायचा तुला हक्क नाही. बाबांना फोनवर सांगू नकोस, गावी जा. जाताना ते कॅलेंडर घेऊन जा. त्यांना म्हण, बाबा, मी कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही, आणि रोज बारा तास उभा राहतो ते हे बघा. शेतात राबलेल्या माणसाला तास वाचता येतात. त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. पण गावात खोटं सांगत फिरायचं ओझं त्यांच्याही डोक्यावरून उतरेल, आणि ठेकेदार उद्या त्यांच्याकडे जाऊन "तुमचं पोरगं माझ्यावर उलटलं" असं म्हणाला तर त्यांना आधीच सगळं माहीत असेल.

हे सगळं एका आठवड्यात करायचं नाहीये. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी: कॅलेंडर, आणि त्या मुलाचा ईएसआय. त्याच्या कार्डावर कामावर लागल्याची तारीख कोणती निघते ते मला कळव. तो घाबरलेला असेल, त्याच्या घरचेही. त्याच्या आईशी कोणी बोलायला हवं असेल तर मी बोलेन.

तुझी मावशी